कॅलिफोर्नियात घराच्या विम्याचे नूतनीकरण नाकारले गेल्यास काय करावे?

रानजाई

नमस्कार. आमचे घर सॅक्रॅमेंटोच्या पूर्वेला, एल डोराडो हिल्समध्ये आहे. गेल्या आठवड्यात विमा कंपनीचे पत्र आले, की सध्याच्या पॉलिसीची मुदत संपल्यावर ती पुढे चालू ठेवली जाणार नाही. कारण म्हणून एकच ओळ आहे: मालमत्तेला असलेला वणव्याचा धोका कंपनीच्या निकषांत बसत नाही. घर घेतल्यापासून आम्ही एकही दावा केलेला नाही, विम्याचा हप्ता मॉर्गेजच्या एस्क्रो खात्यातून (कर्ज देणारी बँक विम्यासारख्या खर्चांसाठी आपले पैसे ज्यात जमा ठेवते, त्या खात्यातून) वेळच्या वेळी जातो, आणि एजंटला फोन केला तर तो आपुलकीने बोलतो, पण निर्णय वरून आला आहे यापलीकडे काही सांगू शकत नाही. आमच्याच रस्त्यावर आणखी काही घरांना अशी पत्रे आली आहेत.

या निर्णयाला आव्हान देता येते का, फेअर प्लॅन म्हणजे नेमके काय, आणि मधल्या काळात विमा खंडित झाला तर कर्ज देणारी बँक काय करते, हे मला समजून घ्यायचे आहे. फोल्सम, सॅन रॅमन, साराटोगा, लॉस गॅटोस अशा डोंगरालगतच्या भागांत आपली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात, त्यामुळे ही माहिती एका ठिकाणी आली तर अनेकांच्या उपयोगी पडेल. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सह्यकडा

रानजाई, आधी पत्रावरची तारीख आणि पॉलिसी संपण्याची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवा. 1 जुलै 2020 पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार राहत्या घराच्या पॉलिसीचे नूतनीकरण करायचे नसेल, तर कंपनीने मुदत संपण्याच्या किमान 75 दिवस आधी तसे लेखी कळवले पाहिजे आणि त्यात कारण दिले पाहिजे. पूर्वी ही मुदत 45 दिवसांची होती. सूचना उशिरा पाठवली असेल, तर ती पाठवल्यापासून 75 दिवस जुनी पॉलिसी त्याच अटींवर चालू ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे. पाकिटावरचा टपालाचा शिक्काही म्हणूनच जपून ठेवावा.

दुसरे असे, की नूतनीकरण नाकारणे आणि चालू पॉलिसी मध्येच रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्येच रद्द करण्याची कारणे कायद्याने मोजकी ठेवली आहेत: हप्ता न भरणे, फसवणूक, घराच्या स्थितीत झालेला मोठा बदल इत्यादी. मुदत संपल्यावर करार पुढे न नेण्याची मोकळीक मात्र कंपनीला बरीच आहे, आणि हे कितीही अन्यायाचे वाटले तरी लक्षात घेऊनच पुढची पावले टाकावी लागतात.

तिसरी तपासण्याची गोष्ट म्हणजे तुमच्या झिपकोडवर स्थगिती लागू आहे का. 2018 च्या कायद्यानुसार गव्हर्नरांनी वणव्यासाठी आणीबाणी जाहीर केली, की आगीच्या क्षेत्रातील आणि त्याला लागून असलेल्या झिपकोडमधील घरांचा विमा केवळ तेथे वणवा लागला या कारणावरून एक वर्ष नाकारता येत नाही. घराला धग लागलेली असो वा नसो, हे संरक्षण मिळते. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात पॅलिसेड्स आणि ईटनचे वणवे लागले, तेव्हा तेथील झिपकोडना 7 जानेवारी 2026 पर्यंत अशी स्थगिती मिळाली होती. राज्याच्या विमा विभागाच्या संकेतस्थळावर झिपकोड टाकून हे पाहता येते. स्थगिती असूनही पत्र आले असेल, तर लगेच विभागाकडे तक्रार करावी.

कोयनाकाठ

मी सॅन रॅमनला राहतो. आम्हाला आलेल्या पत्रात वणव्याचा उल्लेखच नव्हता. छताची अवस्था हे कारण होते. छतावर कोणी चढले नव्हते, घरी कोणी तपासनीस आला नव्हता. कंपनीने विमानातून घेतलेले छायाचित्र पाहून निर्णय घेतला होता, आणि ते छायाचित्र आमच्याच छताचे असले तरी जुने होते. त्यानंतर आम्ही छत बदलले होते. मी छायाचित्राची प्रत मागितली, नव्या छताचे बिल, शहराचा परवाना आणि अंतिम तपासणीचा कागद पाठवला, आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. त्यामुळे माझे आग्रहाचे सांगणे असे, की कारण एका ओळीत दिले असेल तर त्यावर थांबू नये. नेमके काय पाहून हा निष्कर्ष काढला, हे लेखी विचारावे. फोनवर मिळालेली उत्तरे पुढे कामी येत नाहीत.

सह्यकडा

कोयनाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. कारण वणव्याचे असेल तर मागण्याची गोष्ट म्हणजे तुमच्या घराला दिलेला वणव्याच्या धोक्याचा गुणांक. ऑक्टोबर 2022 मध्ये लागू झालेल्या राज्याच्या नियमांनुसार हा गुणांक, तो किमान आणि कमाल कोणत्या गुणांच्या दरम्यान मोजला जातो आणि कशामुळे आला, हे जाणून घेण्याचा आणि त्यावर अपील करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अपिलाची पोच कंपनीने दहा दिवसांत द्यावी लागते आणि निर्णय तीस दिवसांत. 75 दिवसांचा हिशेब येथे महत्त्वाचा ठरतो, कारण अपील पहिल्याच आठवड्यात गेले तरच निर्णय हाती येऊन पुढे हालचालीला वेळ उरतो.

याच नियमांनी कंपन्यांना घरमालकाने केलेल्या प्रतिबंधक कामांसाठी सवलत देणे भाग पाडले आहे. मात्र येथे गैरसमज नको. नियम हप्त्यातील सवलतीबद्दल बोलतात. कामे केली म्हणून विमा द्यायलाच हवा, असे ते म्हणत नाहीत. माझ्या मते या व्यवस्थेतील ही सर्वांत मोठी उणीव आहे. माणूस स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर घालून घर सुरक्षित करतो आणि तरीही त्याला नकाराचे पत्र येऊ शकते.

दीपस्तंभ

मी बे एरियात स्वतंत्र ब्रोकर म्हणून काम करतो, त्यामुळे फेअर प्लॅनबद्दल लिहितो.

तुमचा सध्याचा एजंट बहुधा एकाच कंपनीचा प्रतिनिधी आहे. त्याच्या कंपनीने नाही म्हटले की त्याचे दार बंद होते. अनेक कंपन्यांशी संबंध असलेला स्वतंत्र ब्रोकर गाठा, आणि शक्य तर तुमच्याच काउंटीत काम करणारा. कोणती कंपनी सध्या तुमच्या झिपकोडमध्ये नवे विमे घेत आहे, हे त्याला ठाऊक असते आणि ते सतत बदलत असते. अर्जात पूर्वी कोणी विमा नाकारला आहे का, असा प्रश्न असेल तर खरे उत्तर द्यावे. चुकीची माहिती दिली, तर दाव्याच्या वेळी पॉलिसीच रद्दबातल ठरू शकते. आपल्या नावावरचा दाव्यांचा इतिहास, ज्याला क्लू रिपोर्ट म्हणतात, लेक्सिसनेक्सिस या माहिती पुरवणाऱ्या कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मागवता येतो. त्यात मागील सात वर्षांचे दावे असतात. तो आधीच मागवून त्यात दुसऱ्याचा किंवा चुकीचा दावा नोंदला गेलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

आता फेअर प्लॅन. ही सरकारी योजना आहे असा बहुतेकांचा समज असतो, पण तसे नाही. 1968 मध्ये कायद्याने स्थापन झालेला हा राज्यातील विमा कंपन्यांचा संयुक्त गट आहे, त्यात करदात्यांचा पैसा नाही, आणि ज्यांना बाजारात विमा मिळत नाही त्यांच्यासाठीचा तो शेवटचा आधार आहे. त्याची मूळ पॉलिसी आग, वीज पडणे, घरातील स्फोट आणि धूर एवढ्याच गोष्टींसाठी आहे. चोरी, नळ फुटून झालेले नुकसान, अंगणात पाहुणा पडून जखमी झाल्यास येणारे दायित्व, यांपैकी काहीही त्यात नाही. वारा, गारपीट, तोडफोड यांसाठी जादा पैसे देऊन पूरक कलमे घ्यावी लागतात. राहत्या घरासाठी एकूण मर्यादा 30 लाख डॉलर आहे.

बारकाईने पाहण्याची जागा अशी, की मूळ पॉलिसीत भरपाई घसारा वजा करून मिळते. वीस वर्षांचे छत जळाले तर वीस वर्षांच्या छताची किंमत मिळेल, नव्या छताची नाही. पुनर्बांधणीचा पूर्ण खर्च मिळण्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. अर्ज भरताना ते विसरू नका, आणि ब्रोकरने 'स्वस्तात पडेल' म्हणून ते गाळले असेल तर पुन्हा घालायला लावा.

फेअर प्लॅनमध्ये जे नाही, त्यासाठी दुसऱ्या कंपनीची जोडपॉलिसी घ्यावी लागते. तिला डीआयसी म्हणतात. पाण्याचे नुकसान, चोरी आणि दायित्व त्यात येते. या दोन्ही मिळून जुन्या एका पॉलिसीच्या जवळपास पोहोचता येते, पण हप्ता बहुधा पूर्वीपेक्षा बराच जास्त होतो आणि वाहन विम्यासोबत मिळणारी एकत्रित सवलतही जाते. ही जोडपॉलिसी न घेता केवळ फेअर प्लॅनवर थांबलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतील काहींच्या घरी पुढे वॉटर हीटर फुटून संपूर्ण तळमजल्याची लाकडी जमीन खराब झाली. तो सगळा खर्च त्यांना स्वतः सोसावा लागला.

फेअर प्लॅनच्या आधी आणखी एक पर्याय ब्रोकर दाखवतील: राज्याच्या नियमित परवान्याबाहेरच्या, सरप्लस लाइन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या. कायदेशीर आहेत, कित्येक चांगल्याही आहेत. पण त्यांचे दर विमा विभाग मंजूर करत नाही, वर 3 टक्के कर लागतो, आणि अशी कंपनी बुडाली तर राज्याच्या हमी निधीतून दाव्याचे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे कंपनीची आर्थिक पत तपासल्याशिवाय सही करू नये.

अवकाळी

बँकेच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण मी मॉर्गेज सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे घरकर्जांचे हप्ते आणि खाती सांभाळण्याचे काम करते. कर्जाच्या करारानुसार घराचा विमा अखंड ठेवणे ही तुमची जबाबदारी असते. तो खंडित झाला, तर बँक स्वतःच्या निवडीचा विमा तुमच्या घरावर लावते आणि त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करते. हा विमा नेहमीपेक्षा खूप महाग असतो आणि तो मुख्यतः बँकेचे कर्ज सुरक्षित ठेवतो. तुमचे सामान, तुमचे दायित्व, आगीनंतर भाड्याच्या घरात राहण्याचा खर्च, यांचा त्यात सहसा समावेश नसतो.

केंद्रीय नियमांनुसार त्याचे पैसे लावण्याच्या किमान 45 दिवस आधी बँकेने पहिली सूचना आणि नंतर आठवण देणारी दुसरी सूचना पाठवावी लागते. तुम्ही नव्या विम्याचा पुरावा दिलात, की पंधरा दिवसांत बँकेने आपला विमा रद्द करून दोन्ही विमे एकाच वेळी चालू होते त्या काळाचे पैसे परत केले पाहिजेत. फेअर प्लॅन बँकांना चालतो. नवी पॉलिसी मिळताच तिचे पहिले पान, ज्यावर बँकेचे नाव आणि कर्ज क्रमांक असतो, बँकेच्या विमा विभागाला स्वतः पाठवा. ब्रोकरने पाठवले असेल या भरवशावर राहू नका. एस्क्रोतून एका कंपनीऐवजी आता दोन कंपन्यांना पैसे जायचे असतील, तर तेही लेखी कळवा, कारण जोडपॉलिसीचा हप्ता एस्क्रोत नोंदवायचा राहून जाणे हा नेहमीचा घोळ आहे.

पारिजात

हे सगळे वाचून मला राग येतो. वर्षानुवर्षे हप्ते घ्यायचे आणि धोका दिसताच हात वर करायचे, याला व्यवसाय म्हणावे का? सरकार कंपन्यांना का वठणीवर आणत नाही?

सह्यकडा

पारिजात, तुमचा राग समजण्यासारखा आहे, पण थोडी पार्श्वभूमी सांगतो. नोव्हेंबर 1988 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 103 नुसार येथे हप्ता वाढवण्यापूर्वी कंपनीला विमा आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे ग्राहकांना दीर्घकाळ फायदा झाला. मात्र भविष्यातील वणव्यांचा अंदाज बांधणारी संगणकीय प्रारूपे दर ठरवताना वापरायला परवानगी नव्हती, पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपन्या स्वतःच्या संरक्षणासाठी घेतात त्या विम्याचा, खर्चही धरता येत नव्हता. 2017 मध्ये सांता रोझा शहराचा काही भाग आणि 2018 मध्ये पॅराडाइज हे गाव वणव्यात जळाले, बांधकामाचा खर्च वाढला, आणि कंपन्यांनी दर वाढवण्याऐवजी ग्राहक कमी करण्याचा मार्ग धरला. स्टेट फार्मने मे 2023 मध्ये राज्यात घरांचे नवे विमे घेणे थांबवले आणि मार्च 2024 मध्ये सुमारे 72,000 पॉलिसी पुढे न नेण्याचे जाहीर केले.

आता नियम बदलले आहेत. प्रारूपे आणि पुनर्विम्याचा खर्च धरण्याची मुभा देताना, कंपनीचा राज्यातील एकूण व्यवसायात जेवढा वाटा असेल त्याच्या 85 टक्के प्रमाणात तिने वणव्याच्या भागांतही विमे द्यावेत, अशी अट घातली आहे. याचा परिणाम दिसायला वेळ लागेल आणि हप्ते वाढतील, हे नक्की. तरी माझ्या मते महाग विमा मिळणे हे अजिबात न मिळण्यापेक्षा बरे.

रानजाई, विमा विभागाकडे मदतीचा अर्ज जरूर करा. विभाग कंपनीला नूतनीकरणाची सक्ती करू शकत नाही, पण कंपनीने स्वतःचेच निकष नीट पाळले का, हे तपासू शकतो, आणि तुम्ही केलेली कामे दाखवून फेरविचार करायला सांगू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोतील युनायटेड पॉलिसीहोल्डर्स ही ना-नफा संस्थाही चांगली माहिती विनामूल्य देते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गुणांक आणि छायाचित्रे लेखी मागवली. छायाचित्रात काय दिसत होते, ते इतरांसाठी लिहिते. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जुनिपरची झुडपे भिंतीला टेकलेली होती. बाजूचे लाकडी कुंपण थेट घराच्या कोपऱ्याला जोडलेले होते. आणि वाफ्यांत लाकडाच्या तंतूंचे तांबूस आच्छादन पसरलेले होते, जे येथे प्रत्येक नर्सरीत मिळते आणि ठिणगी पडताच पेट घेते.

अग्निशमन विभागाच्या माणसाने येऊन पाहणी केली. त्याच्या सांगण्यानुसार वणव्यात बहुतेक घरे ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत. वाऱ्याबरोबर दूरवरून उडत आलेल्या ठिणग्या भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांत साचतात किंवा माळ्याच्या झरोक्यांतून आत शिरतात आणि तेथून घर पेटते. त्यामुळे आम्ही तेवढाच पट्टा आधी हाती घेतला. जुनिपर मुळासकट काढले, आच्छादन उचलून खडी टाकली, कुंपणाचा घराला जोडलेला भाग काढून तेथे लोखंडी फाटक बसवले, आणि झरोक्यांच्या जुन्या जाळ्या बदलून अष्टमांश इंचाच्या धातूच्या जाळ्या लावल्या. लाकडी डेकखाली ठेवलेली जुनी खोकी आणि बागेच्या खुर्च्यांच्या गाद्या हलवल्या. छत आधीपासूनच सर्वोच्च अग्निरोधक श्रेणीचे होते, पण त्याची कंपनीकडे नोंदच नव्हती. प्रत्येक जागेची आधीची आणि नंतरची छायाचित्रे, बिले आणि पाहणीचा अहवाल जोडून अपील पाठवले.

मैनाराणी

आमचा कॉन्डो, म्हणजे सामायिक इमारतीतील मालकीचा फ्लॅट आहे. सर्व मालकांच्या असोसिएशनची इमारतीसाठीची मोठी पॉलिसी नूतनीकृत होणार नाही, असे शेजाऱ्यांकडून ऐकले. माझी स्वतःची आतल्या भागाची पॉलिसी चालू आहे, मग मला काळजीचे कारण आहे का?

अवकाळी

आहे. बाहेरच्या भिंती, छत, जिने हे असोसिएशनच्या पॉलिसीत येतात. ती गेली किंवा तिची रक्कम कमी झाली, तर इमारतीच्या नुकसानीचा वाटा सर्व मालकांवर आकारला जाऊ शकतो, आणि विकताना खरेदीदाराला कर्ज मिळणेही अवघड होते. पॉलिसी संपून लगेच नवी मिळाली नाही, तर सभासदांना तसे वैयक्तिकरीत्या कळवणे असोसिएशनवर कायद्याने बंधनकारक आहे. शेजाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर न थांबता मंडळाला लेखी विचारा, आणि स्वतःच्या पॉलिसीत असोसिएशनच्या आकारणीसाठी किती संरक्षण आहे, ते पाहा. तो आकडा अनेकदा फारच लहान असतो आणि थोड्या जादा हप्त्यात वाढवता येतो.

रानजाई

कंपनीचे उत्तर आले. आमचा गुणांक सुधारला, पण पॉलिसी पुढे नेण्यास त्यांनी नकारच दिला. वाईट वाटले. मात्र हीच छायाचित्रे आणि अहवाल ब्रोकरने पुढे वापरले. नियमित परवान्याच्या कंपन्यांपैकी कोणी तयार झाले नाही, म्हणून पुनर्बांधणीच्या पूर्ण खर्चाच्या कलमासह फेअर प्लॅन आणि त्याला जोडपॉलिसी घेतली. केलेल्या कामांची सवलत फेअर प्लॅनमध्ये मिळाली. एकूण हप्ता पूर्वीच्या दुपटीच्या आसपास गेला आहे. दोन्ही पॉलिसी जुनी संपते त्याच दिवसापासून सुरू होत आहेत, आणि बँकेकडून पोचही मिळाली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा नियमित कंपन्यांकडे अर्ज करायचे ठरवले आहे.

दीपस्तंभ

उत्तम. आता दोन गोष्टी लगेच तपासा. तुमची भूकंपाची पॉलिसी कॅलिफोर्निया अर्थक्वेक अथॉरिटीची असेल, तर ती मूळ घराच्या पॉलिसीला जोडलेली असते आणि तिच्याबरोबरच संपते. फेअर प्लॅनमार्फत ती नव्याने घेता येते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. दुसरे म्हणजे अम्ब्रेला पॉलिसी (घर आणि वाहनाच्या विम्यातील दायित्वाची मर्यादा संपल्यावर कामी येणारा जादा विमा) असेल, तर तिच्या कंपनीला कळवा की घराचे दायित्व आता जोडपॉलिसीत आहे, आणि त्या पॉलिसीतील दायित्वाची रक्कम अम्ब्रेलाने मागितलेल्या किमान रकमेपेक्षा कमी नाही, याची लेखी खात्री करून घ्या. कमी असेल तर मधला फरक तुम्हाला स्वतः भरावा लागेल. जोडपॉलिसीची रक्कम सुरुवातीलाच वाढवून घेणे सोपे असते, त्यामुळे हे काम या आठवड्यातच करा.